ही बॅग कोणाची?

डोंबिवलीहून आलेली फास्ट लोकल ठाण्यात इतकी भरली, की दारातल्या बायका ‘आता पुरे’ म्हणेपर्यंत आणखी सहा जणी आत शिरल्या. बायकांच्या डब्यातली सकाळ रोजच्यासारखीच होती. खिडकीशी बसलेल्या एक मावशी मांडीवर वर्तमानपत्र पसरून मेथी निवडत होत्या. ‘तुम्ही कुठे उतरणार?’ची चौकशी या बाकावरून त्या बाकावर फिरत होती. दाराजवळच्या गटात गणपतीला कोण कधी गावी निघणार याची बोलणी चालली होती. तेवढ्यात पर्स ठेवायला रॅककडे हात नेलेल्या एकीने विचारलं, “ही बॅग कोणाची?”

उत्तर आलं नाही. काळी, जरा फुगलेली सॅक होती. बाजूच्या खणात पाण्याची बाटली खोचलेली. “अगं, ही काळी सॅक कोणाची?” आता आवाज चढला. मेथी निवडणारा हात थांबला. दाराजवळचं बोलणं थांबलं. प्रश्न डब्याच्या त्या टोकाला गेला आणि तिकडून ‘आमची नाही’ असं उत्तर घेऊन परत आला. साखळी कुठे आहे ते माझ्यासकट चार-पाच जणींनी मान वर करून पाहून घेतलं. मग कोणीतरी खिडकीशी बसलेल्या कॉलेजच्या मुलीच्या कानातली गुंडी ओढून काढली. “तुझी आहे का?” तिने वर पाहिलं आणि मान डोलावली. मावशींनी तिला दोन शब्द सुनावले, मुलगी ओशाळली, मेथी पुन्हा सुरू झाली. एवढ्यात मुलुंड मागे पडलं होतं.

मुलुंडचं नाव मी मुद्दाम घेते. १३ मार्च २००३ च्या संध्याकाळी याच मार्गावर, मुलुंडला, कर्जतकडे जाणाऱ्या लोकलच्या बायकांच्या फर्स्ट क्लासमध्ये स्फोट झाला होता. आज त्या डब्यात उभ्या असलेल्या कित्येक मुली तेव्हा जन्मलेल्याही नसतील. तरीही बॅगेचा प्रश्न त्यांच्या अंगवळणी पडला आहे. तो कोणी शिकवलेला नाही. आईकडून, ऑफिसातल्या ताईकडून, शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी बाईकडून तो आपोआप पुढे आला आहे.

संपादकांनी या अंकासाठी ‘पहारा’ हा विषय दिला, तेव्हा गडकिल्ले आणि सीमेवरच्या चौक्या डोळ्यांसमोर आल्या. मग वाटलं, रोज सुमारे ७५ लाख माणसं जिथून जातात त्या मुंबईच्या लोकलवर पहारा कोणाचा असतो? तो कोण ठरवतं, कुठल्या टेबलावर ठरतो, आणि टेबलावरून फलाटावर येईपर्यंत त्याचं काय होतं? श्रावणापासून मी हे पाहत फिरले. डब्यात अर्ध्या मिनिटात सुटणारा ‘कोणाची?’ हा प्रश्न सरकारी व्यवस्थेत वर्षानुवर्षं लोंबकळतो, हे या फिरण्यात मला दिसलं.

एका फलाटावर दोन खाक्या

दादरच्या मधल्या पुलावर सकाळी साडेआठला उभं राहायचं म्हणजे वाहत्या पाण्यात काठी रोवून उभं राहण्यासारखं आहे. पश्चिम रेल्वेवरून मध्य रेल्वेवर आणि मध्यवरून पश्चिमवर जाणारे दोन लोंढे एकमेकांच्या खांद्याला खांदा घासत जातात. पुलाच्या कठड्याशी खाकीतले दोघे उभे होते. एकाच्या बाहीवर एक बिल्ला, दुसऱ्याच्या बाहीवर दुसरा. येणाऱ्याजाणाऱ्याला दोघेही ‘पोलीस’च. पण त्यांचे साहेब वेगळे, पगार वेगळे आणि कायद्याने दिलेलं कामही वेगळं.

पहिला रेल्वे सुरक्षा बलाचा, म्हणजे आरपीएफचा. हे बल १९५७ च्या कायद्याने आलं आणि दिल्लीतल्या रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली आहे. त्याचा जन्म मालमत्तेच्या राखणीसाठी झाला. मालगाडीतला कोळसा, यार्डातलं लोखंड, डब्यातल्या तांब्याच्या तारा जपायच्या, हे त्याचं मूळ काम. १९८५ च्या दुरुस्तीने ते केंद्राचं सशस्त्र दल झालं आणि २००३ च्या दुरुस्तीने प्रवासी व प्रवाशांचा वावर असलेला परिसर त्याच्या कक्षेत आला. दुसरा लोहमार्ग पोलिसांचा, म्हणजे जीआरपीचा. तो महाराष्ट्र पोलिसांचा माणूस, राज्याच्या गृह विभागाखालचा. चोरी, विनयभंग, मारामारी, खून असं काही रेल्वेच्या हद्दीत घडलं, तर गुन्हा नोंदवणं आणि तपास करणं हे त्याचं काम. विनाकारण साखळी ओढली, पुरुष बायकांच्या डब्यात शिरला, कोणी रूळ ओलांडला, तर रेल्वे कायद्याखालची कारवाई मुख्यतः आरपीएफकडे येते.

ही वाटणी राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतून आली आहे. रेल्वे केंद्राच्या सूचीत, तर पोलीस राज्याच्या सूचीत, आणि तिथे रेल्वे पोलिसांचा स्पष्ट उल्लेखही आहे. घटनाकारांची वाटणी चुकली असं मला वाटत नाही. गुन्ह्याचा तपास स्थानिक पोलिसाने करावा आणि गाड्या देशाने चालवाव्यात, हे शहाणपणाचंच आहे. पण वाटणी झाली की मधे बांध येतो आणि बांधावर उगवलेलं कोणाचं यावर भाऊबंदकी होते. शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या कोणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही. फलाटावर तर तिसरा हिस्सेदारही आहे. स्टेशनच्या शेवटच्या पायरीखाली पाऊल पडलं की शहर पोलीस आणि महापालिका. मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्टेशनपासून १५० मीटरच्या आत फेरीवाले नकोत असा आदेश दिला. तो पाळायची जबाबदारी या पायरीखालच्यांची, आणि पायरीवर तुंबलेल्या गर्दीचा त्रास मात्र वरच्यांना.

बांधावरची ही ओढाताण आमच्या घरानेही पाहिली आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या भाचीचा मोबाइल धावत्या गाडीत गेला. दाराशी उभी होती, रुळांच्या कडेच्या खांबाआडून कोणीतरी मनगटावर काठी मारली आणि फोन खाली पडला. लोकलवाले याला ‘फटका’ म्हणतात. ती पुढच्या स्टेशनावर उतरून चौकीत गेली. नेमकं कुठे घडलं, हा पहिला प्रश्न. दोन स्टेशनांच्या मधे, एवढंच तिला सांगता येत होतं. मग ते आमच्याकडे येत नाही, मागच्या स्टेशनला जा, असं सांगण्यात आलं. मागच्या स्टेशनवर तिला पुढचं स्टेशन दाखवलं गेलं. सुजलेलं मनगट घेऊन वीस वर्षांची मुलगी दीड तास दोन फलाटांमधे फिरत होती. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने शून्य क्रमांकाच्या फिर्यादीची तरतूद कायद्यातच घातली आहे. हद्द कोणाचीही असो, पहिल्या ठाण्याने तक्रार घ्यायची आणि नंतर योग्य ठिकाणी पाठवायची. रेल्वेच्या प्रवाशाइतकी या तरतुदीची गरज दुसऱ्या कोणाला नसेल, कारण त्याचा गुन्हा घडतो तेव्हा हद्दच ताशी साठ-सत्तर किलोमीटरने मागे जात असते.

अकरा मिनिटं

११ जुलै २००६ ला मंगळवार होता. संध्याकाळी ६ वाजून २४ मिनिटांपासून पुढच्या ११ मिनिटांत पश्चिम रेल्वेच्या सात लोकलमध्ये सात स्फोट झाले. सगळे फर्स्ट क्लासच्या डब्यांत, सगळे चर्चगेटकडून घरी जाणाऱ्या माणसांच्या गाड्यांत. माटुंगा, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली, मीरा रोड ही नावं त्या संध्याकाळनंतर काही काळ निव्वळ स्टेशनांची नावं राहिली नव्हती. १८०हून अधिक माणसं गेली आणि ८००हून अधिक जखमी झाली. पहिली मदत रुळांलगतच्या वस्त्यांतून आली. चादरींची झोळी करून लोकांनी जखमींना उचललं, मिळेल त्या रिक्षात आणि टेम्पोत घातलं.

त्या खटल्याचं पुढे काय झालं, हेही सुरक्षेच्या गोष्टीत सांगितलं पाहिजे. विशेष मकोका न्यायालयाने २०१५ मध्ये १२ जणांना दोषी ठरवलं. त्यांपैकी पाच जणांना फाशी सुनावली. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवलं. सरकारी पक्ष आरोप सिद्ध करू शकला नाही, असं न्यायालयाने म्हटलं. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे हा निकाल इतर खटल्यांत पूर्वदाखला मानू नये एवढी स्थगिती मिळाली. सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात पाठवलं गेलं नाही. १९ वर्षांनी ज्यांचं माणूस गेलं त्यांच्या हाती उत्तर नाही, आणि ज्यांची उमेदीची वर्षं कोठडीत गेली त्यांची भरपाई नाही. फलाटावर कॅमेरे वाढवणं ही सुरक्षेची एक बाजू झाली. घडल्यानंतरचा तपास न्यायालयात टिकेल इतका चोख होणं ही दुसरी बाजू, आणि तिच्यासाठी कुठल्याही स्टेशनवर फीत कापली जात नाही.

२००६ नंतर आणि त्याहून अधिक २००८ नंतर स्टेशनांचं रूप पालटलं. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दोन बंदूकधारी छत्रपती शिवाजी टर्मिनसच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या दालनात शिरले आणि पन्नासहून अधिक माणसं मारली गेली. लोहमार्ग पोलीस निरीक्षक शशांक शिंदे तिथेच शहीद झाले. उद्घोषक विष्णू झेंडे आपल्या खोलीतून प्रवाशांना मागच्या बाजूने बाहेर पडायला सांगत राहिले आणि त्यामुळे किती माणसं वाचली याची मोजदाद कधी होणार नाही. त्या रात्रीनंतर मोठ्या स्टेशनांवर वाळूच्या पोत्यांचे मोर्चे आले, दारात चौकटी आल्या, सामान तपासायची यंत्रं आली. रेल्वेने ‘एकात्मिक सुरक्षा यंत्रणा’ या नावाखाली देशातल्या २०२ संवेदनशील स्टेशनांसाठी कॅमेरे, प्रवेशावर नियंत्रण, सामानाची तपासणी आणि स्फोटकांचा शोध यांची एकत्र योजना आखली.

यातल्या चौकटींचं काय होतं ते आपण सगळे रोज पाहतो. माणूस चौकटीतून जातो, ती वाजते, तो चालत राहतो, मागचाही चालत राहतो. एका मोठ्या स्टेशनच्या दारात मी एका दुपारी अर्धा तास उभी राहिले. चौकट जवळजवळ प्रत्येक माणसाला वाजत होती, कारण प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आणि किल्ल्या होत्या. बाजूच्या खुर्चीवरचा जवान चेहरे निरखत होता. चौकटीच्या आवाजाकडे त्याचं लक्ष नव्हतं, आणि त्याचं चुकत होतं असं मला वाटलं नाही. त्याने मधेच दोघांना थांबवून बॅग उघडायला लावली. तेवढ्या वेळात त्याच्या डोळ्यांनी जे काम केलं, ते चौकटीच्या आवाजाने होण्यासारखं नव्हतं.

घाटकोपरच्या पुलाचे दोन किनारे

हा सगळा विषय एका जागी पाहायचा असेल तर घाटकोपरला जावं. तिथे वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो आणि मध्य रेल्वेची लोकल एका पुलाने जोडलेल्या आहेत. मेट्रोच्या बाजूला गेलात की बॅग यंत्राच्या पट्ट्यावर ठेवायची, हात पसरून तपासणी करून घ्यायची. पुलाच्या दुसऱ्या टोकाला उतरलात की तीच बॅग खांद्याला लावून थेट लोकलमध्ये. माणूस तोच, बॅग तीच, मधे काही पावलांचं अंतर. एका किनाऱ्यावर आपण संशयित आणि दुसऱ्यावर विश्वासाचे.

मेट्रोची तपासणी शक्य होते, कारण मेट्रो बंदिस्त आहे. तिची दारं मोजकी, फाटकं मोजकी, जिने ठरलेले. दिल्ली मेट्रोत २००७ पासून केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल प्रत्येकाला तपासतं. बीजिंगच्या भुयारी रेल्वेत २००८ च्या ऑलिम्पिकपासून प्रत्येक बॅग यंत्रातून जाते. याउलट माद्रिदच्या उपनगरी गाड्यांत मार्च २००४ मध्ये दहा बॉम्ब फुटून १९० हून अधिक माणसं गेली आणि लंडनमध्ये जुलै २००५ च्या हल्ल्यांत ५२ माणसं मेली, तरी त्या शहरांनी रोजच्या प्रवाशाची झडती सुरू केली नाही. त्यांनी गस्त, कॅमेरे, बातमीदारी आणि प्रवाशांच्या डोळ्यांवर भर दिला.

आपल्या लोकलला तपासणी लावायची म्हटली तर काय होईल, याचं गणित मी घाटकोपरच्या पुलावर उभ्याउभ्या करून पाहिलं. एका माणसाला पाच सेकंद धरले, तर एका फाटकातून मिनिटाला १२ माणसं जातील. गर्दीच्या वेळी एका फलाटावर एका गाडीसाठी ६०० माणसं चढणार असतील, तर एका फाटकाला ५० मिनिटं लागतील. पुढची गाडी तीन-चार मिनिटांत येते. म्हणजे एका फलाटाच्या एका गाडीसाठी पंधरा-सोळा फाटकं सलग चालू हवीत, प्रत्येकापाशी दोन-तीन माणसं हवीत, आणि हे सगळं उभं करायला जागा हवी. दादरच्या पुलावर रिकामी टोपली ठेवायला जागा मिळत नाही. शिवाय तपासणीसाठी थांबलेली रांग हीसुद्धा गर्दीच. घाटकोपरला संध्याकाळी मेट्रोची रांग जिन्यापर्यंत येते, तेव्हा ते दिसतं. धोका दाराच्या आत येऊ नये म्हणून फाटक लावावं, तर तो फाटकाबाहेरच्या रांगेत उभा राहू शकतो.

लोकल उघडी आहे आणि उघडीच राहणार. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली तेव्हापासून शहर तिच्या दोन्ही अंगांनी वाढत गेलं. स्टेशनाचं दार कुठे संपतं आणि बाजार कुठे सुरू होतो हे सांगता येत नाही. माझ्या मते हा उघडेपणा या शहराची मिळकत आहे. कामवाली बाई, डबेवाला, मासळीची पाटी घेतलेली कोळीण, आणि बँकेतली अधिकारी एकाच दाराने आत येतात. उघड्या दाराची राखण करायची तर भिंती कामाच्या नाहीत. तिथे जागती माणसं लागतात आणि त्यांची जबाबदारी ठरलेली लागते.

फाइल कशी चालते

पहाऱ्याचं धोरण ठरवणाऱ्यांचं काम बाहेरच्यांना फार दिसत नाही. मंत्रालयात गृह विभागात अनेक वर्षं काढलेल्या एका निवृत्त अधिकाऱ्यांनी मला एक दुपार दिली. नाव नको म्हणाले. त्यांच्या बोलण्यातून पहिल्यांदा कळलं, की फलाटावर एक पोलीस शिपाई वाढवायचा म्हणजे दोन सरकारांना एकमत करावं लागतं. लोहमार्ग पोलिसांचा निम्मा खर्च राज्य उचलतं आणि निम्मा रेल्वे. त्यामुळे नवं पद निर्माण करायचं तर राज्याच्या वित्त विभागाची मान्यता हवी आणि रेल्वेचीही. एका बाजूने होकार आला की दुसरीकडून शंका येते. शंकेचं उत्तर जाईपर्यंत आर्थिक वर्ष संपतं.

उरणची लोकल घ्या. पूर्ण मार्ग जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला, नवी स्टेशनं आली, तेव्हाच ठाणे-वाशी मार्गावर दिघा गाव हे स्टेशनही उघडलं. गाडी धावू लागली त्या क्षणापासून तिथे राखण लागते. पण पोलिसांचं मनुष्यबळ वेगळ्या वाटेने, वेगळ्या मंजुरीने येतं. ते येईपर्यंत जुन्या ठाण्यांतली माणसं ताणून पुरवली जातात. मधली पोकळी होमगार्ड आणि महाराष्ट्र सुरक्षा बलाचे जवान भरून काढतात. रात्रीच्या डब्यात आपल्याला जो गणवेश दिसतो तो पुष्कळदा त्यांचा असतो.

दोन यंत्रणांना एका टेबलावर आणायची व्यवस्था कागदावर आहे. प्रत्येक राज्यात पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली रेल्वे सुरक्षेची राज्यस्तरीय समिती असते. तिच्यात आरपीएफ, लोहमार्ग पोलीस, गुप्तवार्ता आणि रेल्वे प्रशासन एकत्र बसतात. त्या अधिकाऱ्यांच्या मते समितीच्या बैठकीचा कस तिच्या इतिवृत्तात लागतो. प्रत्येक मुद्द्यापुढे ‘संबंधितांनी कार्यवाही करावी’ असं लिहिलं असेल तर काही होत नाही. एका पदाचं नाव आणि तारीख लिहिली असेल तर होतं. सगळ्या धोरणाचं सार मला त्या एका वाक्यात सापडलं.

बेवारस बॅगेचंच पाहा. फलाटावर बॅग दिसली तर हात लावायचा नाही, माणसं दूर करायची, बॉम्बशोधक व नाशक पथकाला बोलवायचं, श्वान आणायचं, हे ठरलेलं आहे. पण बॅग पोलिसांची, गर्दी आवरणं आरपीएफचं, घोषणा रेल्वेची, आणि गाडी थांबवायची की नाही हे रेल्वेच्या नियंत्रण कक्षाचं. दोन गाड्यांत तीन-चार मिनिटांचं अंतर असलेल्या मार्गावर एक फलाट दहा मिनिटं बंद ठेवला तर त्याचा धक्का कर्जत-कसाऱ्यापर्यंत पोहोचतो. बहुतेक बॅगांतून डबा, छत्री, घामेजलेला शर्ट निघतो. तरी पुढच्या बॅगेला तितक्याच गांभीर्याने सामोरं जायचं असतं. हा निर्णय घेणारा माणूस सावधपणाच्या बाजूने चुकला तरी त्याच्या पाठीशी उभं राहणं हेही धोरणच. गाडी उगाच थांबवली म्हणून ओरडा खाल्लेला माणूस पुढच्या वेळी थांबवायला कचरेल.

स्वस्तातली आणि साधी वाटणारी कामंही मोठी असतात. दादरला वर्षानुवर्षं एक नंबरचे दोन फलाट होते, एक पश्चिमचा आणि एक मध्यचा. ‘एक नंबरवर या’ असा निरोप आला तर धावायचं कुठे? डिसेंबर २०२३ मध्ये मध्य रेल्वेच्या फलाटांना ८ ते १४ हे आकडे दिले गेले आणि सगळ्या स्टेशनची एकच मोजणी झाली. प्रवाशांची वाट चुकणं कमी झालं, आणि संकटाच्या वेळी ‘अकरा नंबर’ म्हटलं की पोलीस, रुग्णवाहिका आणि स्टेशन मास्तर एकाच जागी पोहोचतील, हेही त्याच पाट्यांनी साधलं.

पुलाची रुंदी

सुरक्षा म्हटलं की आपल्या मनात बॉम्ब येतो. पण मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसं मरतात. रूळ ओलांडताना, दारातून पडून, गाडी आणि फलाटाच्या मधल्या फटीत सापडून. म्हणजे रोज सरासरी पाच-सहा घरांत कोणीतरी संध्याकाळी परत येत नाही. ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर शेजारून जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारांत लोंबकळणारी माणसं खाली पडली आणि त्यांतले काही जण दगावले. त्यानंतर साध्या लोकललाही आपोआप बंद होणारी दारं बसवण्याची घोषणा झाली.

घातपाताची सुरक्षा एका खात्याची आणि अपघाताची दुसऱ्या, अशी वाटणी फायलीत असते. फलाटावर ती नसते. २९ सप्टेंबर २०१७ ला सकाळी पाऊस कोसळत होता. एल्फिन्स्टन रोडच्या, आताच्या प्रभादेवीच्या, अरुंद पुलावर माणसं पाऊस थांबायची वाट पाहत उभी होती आणि खालून गाड्यांतून आणखी माणसं वर येत होती. त्या चेंगराचेंगरीत २३ जण गेले. फुलवाल्याचं ‘फूल गिरा’ कोणीतरी ‘पूल गिरा’ असं ऐकलं आणि लोक धावले, असं तेव्हा छापून आलं. तिथे स्फोटक नव्हतं, बंदूक नव्हती. अरुंद पूल, अडलेली वाट आणि कानावर पडलेला एक शब्द एवढ्यावर ते घडलं. नंतर लष्कराला बोलावलं गेलं आणि काही महिन्यांत, फेब्रुवारी २०१८ मध्ये, तिथे, करी रोडला आणि आंबिवलीला नवे पूल उभे राहिले.

ज्या पुलावरून रोजची गर्दी मोकळी जाते, त्याच पुलावरून घातपाताच्या वेळी माणसं बाहेर पडतात. ज्या फलाटावर उजेड आहे आणि फेरीवाल्यांनी वाट अडवलेली नाही, तिथे बेवारस बॅगही लवकर दिसते आणि छेड काढणाऱ्याला आडोसाही मिळत नाही. म्हणून पुलाची रुंदी हा सुरक्षेचा आकडा मानला पाहिजे, आणि नव्या स्टेशनच्या नकाशावर इंजिनियरच्या सहीसोबत पोलिसाचीही सही हवी.

माणसाचा स्वभाव ओळखून केलेलं छोटं कामही किती उपयोगी पडतं, ते २००९-१० च्या सुमारास वडाळ्याजवळ दिसलं. माणसाच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेने तिथे रुळांचे काही स्लीपर पिवळे रंगवले, म्हणजे येणाऱ्या गाडीचा वेग डोळ्याला कळावा. एका लांब भोंग्याऐवजी दोन तुटक भोंगे वाजवायला लावले, म्हणजे कान टवकारावा. आणि गाडीखाली येणाऱ्या माणसाच्या भेदरलेल्या चेहऱ्याचे फोटो रूळ ओलांडायच्या जागी लावले. त्या टापूतले मृत्यू उतरले. रंगाचा डबा, भोंगा आणि फोटो, एवढंच सामान होतं.

कल्याणपर्यंत

शेवटी एका रात्री मी साडेअकरानंतरची कल्याण लोकल धरली. बायकांच्या डब्यात आम्ही नऊ जणी होतो. कॉल सेंटरमधून सुटलेल्या दोन मुली, केईएममधली एक आया, लग्नाच्या जेवणावळीत वाढपाचं काम करून निघालेल्या चौघी, एक आजी आणि मी. दाराशी एक तरुण पोलीस उभा होता. सकाळच्या डब्यात बॅग कोणाची हे विचारायला दीडशे तोंडं असतात. रात्री पुष्कळ बाकं रिकामी असतात आणि विचारणारं तोंड एकच. म्हणून त्या एका माणसाचं असणं महत्त्वाचं.

कुर्ल्याला एक माणूस चढू लागला, पोलिसाने हात आडवा केला, तो मुकाट पुढच्या डब्याकडे गेला. एवढंच झालं, पण वाढपाच्या बायकांनी चपला काढून पाय वर घेतले. त्यांतली एक म्हणाली, “दादा असले की डोळा लागतो.” ती टिटवाळ्याची. कल्याणला उतरून पुढची गाडी पकडणार होती. डब्यात पोलीस नसतो त्या रात्री ती ठाण्यापर्यंत दाराजवळ उभी राहते, म्हणजे काही झालं तर उडी मारता येईल, असं तिने सांगितलं. धावत्या गाडीतून उडी मारणं तिला अधिक सुरक्षित वाटत होतं. धोरण ठरवणाऱ्या प्रत्येक बैठकीत हे एक वाक्य वाचून दाखवलं पाहिजे, असं मला तेव्हा वाटलं आणि अजून वाटतं.

बोलता बोलता कळलं, की त्या पोलिसाची ही त्या रात्रीची तिसरी फेरी होती. घर बदलापूरला. ड्यूटी पहाटे संपली की पहिल्या गाडीने जाणार. मधल्या वेळात टेकायला मिळाली तर चौकीतली खुर्ची, नाहीतर फलाटावरचं बाक. डब्यातल्या संकटाच्या बटणाविषयी, १५१२ आणि १३९ या क्रमांकांविषयी त्याने त्या दोन मुलींना समजावून सांगितलं, फोनमध्ये भरून घ्यायला लावले. मुंब्रा गेलं, दिवा गेलं. डोंबिवलीला मी उतरायला हवं होतं, पण बसून राहिले. तो शेवटपर्यंत काय करतो ते मला पाहायचं होतं.

कल्याणला गाडी रिकामी झाली. ती साइडिंगला जाणार होती. आम्ही उतरलो, वाढपाच्या बायका टिटवाळ्याच्या फलाटाकडे पळाल्या. तो मागे राहिला. मोबाइलचा दिवा लावून तो एकेका बाकाखाली वाकून पाहत निघाला, रॅकवरून हात फिरवत, या टोकापासून त्या टोकापर्यंत. चौथ्या बाकाखाली एक गुलाबी छत्री निघाली. त्याने खिशातून वही काढली. डबा, वेळ, ‘लेडीज छत्री १’ असं लिहिलं. मग छत्री काखेत धरून तो फलाटावर उतरला आणि जिन्याकडे पळणाऱ्या बायकांच्या दिशेने मोठ्याने ओरडला, “ओ ताई, ही कोणाची?”